काड्या, पट्ट्या आणि तराजू : प्राथमिक गणिताच्या साहित्याबद्दल वाचकांचे प्रश्न

(प्राथमिक शाळेत ‘स्टेम’ साहित्य वापरून गणित कसं शिकवावं, या विषयावर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत.)

आमची द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी मिळून २४ मुलं. एक विक्रेता ‘स्टेम किट’ घ्या म्हणून मागे लागला आहे. त्यात मोटारी, दिवे, सेन्सर आहेत. घ्यावं का? — एक शिक्षिका, पालघर जिल्हा

पहिली ते चौथीच्या गणितासाठी घेऊ नका. स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांची सांगड. पण या पेट्यांत गणित बहुतेकदा नावालाच असतं. मूल तार जोडतं, दिवा लागतो, टाळ्या पडतात, आणि वहीत एकही आकडा उतरत नाही. साहित्य निवडताना एकच कसोटी लावा : हे हाताळताना मुलाला काही मोजावं, तोलावं, वाटावं किंवा नोंदवावं लागतं का? लागत नसेल तर ते खेळणं आहे. खेळण्यालाही आमची ना नाही, पण गणिताच्या तासाला नको.

तुमच्या २४ मुलांसाठी चार-चारांचे सहा गट धरा. प्रत्येक गटाला आइस्क्रीमच्या १२० काड्या, म्हणजे एकूण ७२०. शंभराच्या पुढची संख्या मांडता यावी आणि मोडतोड निघून जावी म्हणून वरच्या २० घ्यायच्या. गठ्ठे बांधायला रबरबँड नकोत, पावसाळ्यात ते चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या चकत्या कापा. दहा काड्यांवर दोन वेढे दिले की घट्ट बसतात. काड्यापेटीच्या काड्या वापरायच्याच असतील तर गूल खरवडून काढल्याशिवाय वर्गात आणू नका.

याशिवाय प्रत्येक गटाला दहा-दहा मण्यांनी रंग बदलणारी शंभर मण्यांची एक गणितमाळ आणि एकाच मापाचे २४ वॉशर द्या. जाड पुठ्ठा, चौकटीचा कागद आणि सुतळी सगळ्यांत मिळून पुरते. एवढ्यावर चौथीपर्यंतचं बरंचसं गणित होतं.

दुसरी-तिसरीची मुलं काड्या वापरून वजाबाकी बरोबर करतात. वहीत मात्र ५२ − २७ = ३५ लिहितात. काड्यांचा उपयोग काय झाला मग? — एक शिक्षक, बीड जिल्हा

मुलं काड्यांनी उत्तर कसं काढतात ते एकदा बाजूला उभं राहून पाहा. बहुधा सगळे गठ्ठे सोडून ५२ काड्यांचा ढीग करतात, त्यातून २७ एकेक करून बाजूला ठेवतात आणि उरलेल्या मोजतात. उत्तर २५ येतं, पण त्यात दशक-एककाचा संबंधच आलेला नसतो. वहीत उभी मांडणी समोर आली की तिथे वेगळाच नियम चालतो : ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’. पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच, झाले ३५. हा नियम मुलांनी मनाने काढलेला नाही, मोठ्यांच्याच तोंडून ऐकलेला आहे. पहिलीत ‘लहानातून मोठं वजा होत नाही’ असं आपण सहज बोलून जातो, त्याची ही परतफेड.

इलाज असा. जोडी करा : एकजण देणारा, एकजण लिहिणारा. देणाऱ्यासमोर ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या. मागायचं ते ‘सत्तावीस काड्या’ असं नाही, तर ‘२ दशक आणि ७ सुटे’ असं. सुटे दोनच आहेत, म्हणून एक गठ्ठा सोडावा लागतो. इथे पक्का नियम : लिहिणाऱ्याने ५ खोडून ४ आणि २ खोडून १२ लिहिल्याशिवाय देणाऱ्याने पुढची काडी हलवायची नाही. मग ७ सुटे दिले, ५ लिहिले. २ गठ्ठे दिले, २ लिहिले. पुढच्या गणिताला भूमिका बदला. हाताची प्रत्येक हालचाल आणि वहीतली प्रत्येक खूण यांची जोडी लागली की ३५ येणं थांबतं. आधी काड्यांनी सगळं आटपून मग वहीत ‘उतरवून घ्या’ म्हटलं की ही जोडी तुटते. आम्हाला विचाराल तर काड्या वाया जाण्याचं मोठं कारण हेच.

गठ्ठे मुलांनी स्वतः बांधलेले हवेत. शिक्षकाने घरून बांधून आणलेला गठ्ठा मुलाला ‘एक वस्तू’ दिसतो, दहा दिसत नाहीत. खेळातल्या दहा रुपयांच्या नोटा त्यानंतरच द्या. गठ्ठा सोडता येतो, नोट सोडता येत नाही, ती बदलून घ्यावी लागते. ही एक पायरी वर आहे. मणी-तारांची पाटी त्याच्याही पुढची, कारण तिथे दशकाचा मणी एककाच्या मण्याएवढाच असतो आणि फरक फक्त जागेचा.

काड्या काढून कधी घ्यायच्या, असंही एका पत्रात विचारलं आहे. एकदम काढू नका. आधी काड्या खोक्याखाली झाका आणि ‘आत आता किती गठ्ठे, किती सुटे?’ विचारा. ते जमलं की वहीत उभी रेघ म्हणजे दशक आणि ठिपका म्हणजे सुटा, असं चित्र. मग नुसते अंक. अडलं की मुलाने स्वतःहून एक पायरी मागे जावं, त्याला कुणी ‘अजून काड्या लागतात का?’ म्हणू नये.

‘पंचवीस’ सांगितलं की मुलगा ५२ लिहितो. डोळे तपासून झाले. — पालक, नागपूर

डोळे ठीकच असणार. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. मूल जसं ऐकतं तसं लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ धर्तीचं वाचन आलं ते याच अडचणीपोटी, आणि त्यावरचा वाद विधिमंडळापर्यंत गेला. आमच्या मते शिकताना दोन्ही म्हणावं : ‘वीस पाच, पंचवीस’. व्यवहारात पंचवीसच राहणार.

घरी संख्याकार्डं करा. १ ते ९ ची कार्डं ३ सेंमी रुंद, १० ते ९० ची ६ सेंमी, १०० ते ९०० ची ९ सेंमी. उंची सगळ्यांची सारखी. २० च्या कार्डावर उजवी कड जुळवून ५ चं कार्ड ठेवलं की शून्य झाकलं जातं आणि २५ दिसतं. वरचं कार्ड उचललं की खाली वीसच आहेत हे कळतं. ‘पंचवीस’ ऐकल्यावर मुलाने आधी विसाचं कार्ड शोधायचं, हा क्रम सोडू नका. शून्य कार्डाच्या उजव्या तीन सेंटिमीटरांत नीट मध्ये लिहिलेलं हवं, नाहीतर त्याचा अर्धा भाग बाहेर डोकावतो आणि मुलं गोंधळतात.

एकोणतीस, एकोणचाळीस यांना कार्डं पुरत नाहीत, कारण त्या नावांतच वजाबाकी आहे. तिथे गणितमाळ घ्या : तिसावर चिमटा लावा आणि एक मणी मागे या.

चौथीतली मुलगी प्रत्येक वस्तू एक सेंटिमीटरने जास्त मोजते. पट्टी कशी धरायची ते दहादा दाखवलं. — पालक, ठाणे

पट्टी धरणं हा इथे खरा प्रश्न नाही. ती रेघा मोजते आहे, रेघांमधल्या जागा नाही. ६ सेंमीच्या पेन्सिलीखाली ० ते ६ अशा सात रेघा येतात. ‘एक’पासून मोजायची सवय असल्यामुळे ती पेन्सिलीचं टोक १ वर ठेवते आणि दुसऱ्या टोकाला ७ वाचते. बाजारच्या बऱ्याच प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर ० ची रेघ काठापासून थोडी आत असते, त्यामुळे ‘काठापासून मोज’ हा सल्लाही फसतो.

तिला स्वतःची पट्टी करू द्या. चौकटीच्या कागदातून १ सेंमीचे दोन रंगांचे चौकोन कापून पुठ्ठ्याच्या पट्टीवर आलटून पालटून चिकटवायचे, मधे फट न ठेवता, बारा चौकोन. पहिले काही दिवस त्यावर आकडे नकोत. पेन्सिलीखाली किती चौकोन आले तेवढंच मोजायचं. मग आकडे, पण चौकोनाच्या मध्यावर लिहायचे नाहीत, तो जिथे संपतो त्या कडेला लिहायचे. म्हणजे पहिल्या चौकोनाची सुरुवात ०, शेवट १. आकडे मध्यावर लिहिले की आपण पुन्हा मूळ चुकीवरच येतो.

कळलं की नाही हे पाहायला मोडकी पट्टी चांगली. जुनी पट्टी ३ च्या रेघेवर कापा आणि तिने काही मोजायला द्या. पेन्सिल ३ पासून ९ पर्यंत आली की ‘९’ म्हणणारं मूल फक्त शेवटचा आकडा वाचतं, ‘७’ म्हणणारं रेघा मोजतं आणि ‘६’ म्हणणारं लांबी मोजतं. एका प्रश्नात तिन्ही कळतात.

हीच चूक लंबकातही सापडते. सुताच्या टोकाला नट बांधा, टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत सूत २५ सेंमी ठेवा. झोका लहान असेल तर एक पूर्ण फेरी, म्हणजे जाऊन परत येणं, जवळपास एका सेकंदाची होते आणि १० फेऱ्यांना सुमारे १० सेकंद लागतात. ज्या गटाला ९ च सेकंद लागतात, त्याने नट सोडतानाच ‘एक’ म्हटलेलं असतं. सोडताना ‘शून्य’ म्हणायला लावा आणि पुन्हा मोजायला सांगा.

१/३ आणि १/४ यांत मोठा कोणता, तर मुलं १/४ म्हणतात. भाकरीची चित्रं काढून झाली. — एक शिक्षिका, सातारा

भाकरीत अडचण अशी की दोन मुलांच्या दोन भाकऱ्या सारख्या नसतात, आणि वर्तुळाचे तीन सारखे भाग हाताने करणं मोठ्यांनाही जड जातं. मुलं वेडेवाकडे तुकडे करतात आणि मग त्यांची तुलना करतात. लांबीवर या.

पुठ्ठ्याच्या २४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद सात पट्ट्या कापा, शक्यतो सात रंगांच्या. २४ च का? एक अखंड ठेवली की बाकीच्या सहांचे भाग पूर्ण सेंटिमीटरांत पडतात : अर्धा १२, तृतीयांश ८, पाव ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३, द्वादशांश २. कापण्यापूर्वी प्रत्येक भागावर अपूर्णांक लिहून घ्या. सेंटिमीटरचा आकडा मात्र लिहू नका, नाहीतर मुलं अपूर्णांक सोडून तोच वाचतात. आठ सेंटिमीटरचा तुकडा सहाच्या शेजारी ठेवला की १/३ आणि १/४ चा वाद संपतो. ‘जास्त वाटेकरी, लहान वाटा’ हे वाक्य मुलांनी म्हणावं, तुम्ही नको.

बेरजेला याच पट्ट्या वापरा. १/३ + १/४ चं उत्तर २/७ लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याला दोन तुकडे जोडून १४ सेंमी करायला लावा. मग विचारा, २/७ म्हणजे किती? चोवीसचे सात भाग केले तर त्यातले दोन मिळून सात सेंटिमीटरही भरत नाहीत. म्हणजे बेरीज एकट्या १/३ पेक्षाही लहान! आता द्वादशांशाचे तुकडे १४ सेंटिमीटरवर मांडले की सात बसतात : ७/१२. समच्छेद करण्याची गरज इथे डोळ्यांना दिसते.

पंचमांश २४ मध्ये नीट पडत नाही. त्यासाठी रेघी वहीचा जुना उपाय आहे. १५ सेंमीची पट्टी घ्या. तिच्या वरच्या कडेचं डावं टोक एका रेघेवर ठेवा आणि पट्टी तिरकी करत त्याच कडेचं उजवं टोक खालच्या पंधराव्या रेघेवर आणा. पहिली रेघ शून्य धरायची, वर सांगितलेली चूक इथेही होते. आता दर तिसरी रेघ कडेला जिथे छेदते तिथे खूण करा. पाच सारखे भाग पडतात, मोजपट्टी न लावता. रेघांमधलं अंतर सारखं असल्यामुळे तिरक्या पट्टीचे तुकडेही सारखेच होतात. सात भाग हवे तर चौदाव्या रेघेपर्यंत न्या आणि दर दुसरीवर खूण करा. सगळ्या खुणा एकाच कडेवर हव्यात; वरची-खालची कड मिसळली की भाग बिघडतात.

एक जोड : पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मुलांच्या कानावर भाजीच्या दुकानात रोज पडतात. २४ सेंमीची पट्टी ‘एक’ धरून सुतळीवर दीड, सव्वा, पावणेदोन मापून काढायला सांगा. आजी-आजोबांना पावकी-दिडकी पाठ असेल, मुलं त्यांच्याकडून उत्तर पडताळून आणतील.

८ + ४ = □ + ५ या चौकटीत जवळपास सगळा वर्ग १२ लिहितो. — एक शिक्षक, सोलापूर

मुलांच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’. दोन्ही बाजू सारख्या असणं त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. दुसरीसाठी साधा तराजू पुरे : कपड्यांचा हँगर आणि दोन सारख्या करवंट्या. डावीकडे ८ आणि ४ वॉशर, उजवीकडे ५. समतोल व्हायला आणखी किती टाकावे लागतात? वजनं म्हणून नाणी वापरू नका. एकाच किमतीची जुनी आणि नवी नाणी वेगळ्या वजनांची असतात, मग १२ आणि १२ असूनही दांडी कलते आणि मुलांचा तराजूवरचा विश्वास उडतो.

तिसरी-चौथीला संख्या-तराजू करता येतो. ४४ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद लाकडी पट्टी. मध्य २२ सेंमीवर. मध्यापासून दोन्हीकडे दर २ सेंमीला एक बारीक खिळा, १ ते १०, पट्टीच्या खालच्या कडेजवळ. टांगायचं भोक मध्यरेषेवर, पण रुंदीच्या मध्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर वर पाडा. ते खाली पडलं तर पट्टी समतोल राहत नाही, जराशा धक्क्याने एका बाजूला कोलमडते. फार वर पडलं तर दांडी सुस्त होते आणि ११ व १२ मधला फरक दाखवत नाही. रिकामी पट्टी एका बाजूला झुकत असेल तर हलक्या बाजूला चिकणमातीची गोळी चिकटवा.

डावीकडे ८ आणि ४ वर एकेक वॉशर, उजवीकडे ५ वर एक. दुसरा कुठे अडकवायचा? मुलं आधी ४ वर करून पाहतात, मग १० वर, मग ७ वर दांडी आडवी होते. इथे आकडा म्हणजे मध्यापासूनचं अंतर आहे, वॉशरची संख्या नाही; हे सांगायचं राहिलं तर सगळंच फसतं. नंतर ३ वर दोन वॉशर अडकवा आणि समोर ६ वर एक. दोन त्रिक सहा.

पाचवीसाठी पावसाळ्यात करता येईल असा एखादा प्रकल्प सांगा, नुसतं मॉडेल नको. — एक शिक्षिका, रत्नागिरी

पर्जन्यमापक. सरळ भिंतीची, कमरेत न दबलेली दोन लिटरची बाटली घ्या. मान जिथे अरुंद व्हायला लागते तिथे कापा आणि वरचा भाग, झाकण काढून, उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून आत खडे घाला आणि भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. ही शून्याची रेघ. तिथपासून वर मिलिमीटरची कागदी पट्टी पारदर्शक टेपखाली चिकटवा.

काठ जमिनीपासून ३० सेंमी उंच ठेवा, नाहीतर आपटून उडालेलं पाणी आत येतं. भोवती तीन विटा लावा. झाड किंवा इमारत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर राखा. रोज ठरल्या वेळी, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं, आणि वाचून झालं की बाटली रिकामी न करता पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचं. हवामान खात्याची चोवीस तासांची मोजणी सकाळी ८.३० ला संपते. शाळा १०.३० ला भरत असेल तर तुमचे आकडे वर्तमानपत्राशी जुळणार नाहीत; जुळत नाहीत म्हणून मुलांनी ते ‘दुरुस्त’ करू नयेत. कोकणात जोराच्या दिवशी बाटली भरून वाहते. अशा दिवशी दोनदा वाचून बेरीज करा.

आता गणित. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर किती पाणी? १०० × १०० × ०.१ = १००० घनसेंमी, म्हणजे १ लिटर. वर्गाचं छप्पर ८ मीटर बाय ६ मीटर असेल तर ४८ चौरस मीटर, आणि २५ मिमी पावसाला त्यावर १२०० लिटर पाणी पडतं. कौलारू उताराचं छप्पर असेल तर उताराची लांबी घ्यायची नाही, जमिनीवरची सावली मोजायची. मुलं इथे हमखास अडतात, अडू द्या.

एखादा गट मोठं नरसाळं बसवून ‘जास्त पाऊस’ पकडेल. त्यांना अडवू नका. बाटलीचा व्यास ११ सेंमी आणि नरसाळ्याचा २२ असेल तर पाणी दुप्पट येईल असा त्यांचा अंदाज असतो, येतं चौपट. दोन्ही तोंडं चौकटीच्या कागदावर गिरवून चौकोन मोजायला द्या.

साहित्य वर्षभर टिकत नाही. काड्या हरवतात, उंदीर पुठ्ठा खातात. — एक मुख्याध्यापक, गडचिरोली जिल्हा

पुठ्ठ्याची पट्टी खळीने न चिकटवता टेपने जोडा, खळीच्या वासाला उंदीर येतात. डबे पत्र्याचे घ्या. प्रत्येक गटाचा डबा वेगळा ठेवा आणि झाकणावर आतली यादी आकड्यांसकट लिहा. तास संपताना डबा भरायचा तो दहा-दहाचे गठ्ठे बांधूनच : ११ गठ्ठे आणि ७ सुट्या झाल्या तर बाकाखाली अजून तीन काड्या शोधायच्या आहेत, हे गटातल्या दुसरीच्या मुलानेच सांगावं.